बेचाळीस फायली एका फाइलीत: रायटर आणि वर्डमध्ये फाइल टाकताना

वाचनालयाच्या स्मरणिकेचे काम माझ्या गळ्यात पडले ते एका वाक्यात. "सगळ्यांच्या फायली आल्यात, तू फक्त एकात टाक." फायली बेचाळीस होत्या. बऱ्याचशा वर्डच्या, काही लिब्रेऑफिसच्या, पाच-सहा पीडीएफ, हिशेबाची एक एक्सेल, आणि दोन लेख तर वहीच्या पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर धाडलेले. त्या "फक्त टाक"मध्ये माझे तीन रविवार गेले. त्यातले दोन तरी वाचले असते, जर सुरुवातीलाच कुणी सांगितले असते की फाइल 'टाकणे' हे एक काम नाही, तीन वेगवेगळी कामे आहेत.

स्मरणिका असो, सोसायटीचा वार्षिक अहवाल असो की महाविद्यालयाचा प्रकल्प, दहा जणांनी लिहिलेले एका फाइलीत आणायचे असेल तर हा लेख तुमच्यासाठी. मी लिब्रेऑफिस रायटर हे वर्डसारखे सॉफ्टवेअर वापरते. ते फुकट मिळते, २०१० साली ओपनऑफिसमधून वेगळे झाले आणि त्याचे मेनू मराठीतही करून घेता येतात. वर्डमधला रस्ता जिथे वेगळा आहे तिथे तोही सांगते. मेनूंची नावे इंग्रजीतलीच देते, कारण बहुतेकांच्या पडद्यावर तीच असतात.

हाताशी काय हवे:

- रायटर किंवा वर्ड, शक्यतो अलीकडची आवृत्ती
- एक नवा, रिकामा फोल्डर आणि त्याची प्रत ठेवायला पेनड्राइव्ह
- सगळ्या मूळ फायली (मेलमधून परस्पर उघडलेल्या नव्हेत, उतरवून घेतलेल्या)
- एक युनिकोड (सगळ्या संगणकांवर अक्षरे सारखीच ओळखली जातात ती पद्धत) मराठी फॉन्ट. मंगल, कोकिळा, मुक्त, नोटो यांपैकी कोणताही चालेल
- कागदावर लिहिलेली अनुक्रमणिका. हो, कागदावरच.

१. आधी ठरवा: ओतायची, बांधायची की आत ठेवायची

ओतणे म्हणजे दुसऱ्या फाइलीतला मजकूर तुमच्या फाइलीत येतो आणि तुमचाच होतो. मूळ फाइल नंतर पुसली तरी फरक पडत नाही. लेख, कविता, मनोगते यांच्यासाठी हेच.

बांधणे म्हणजे दुवा ठेवणे. मजकूर तुमच्या पानावर दिसतो, पण मूळ फाइल बाहेरच राहते. तिथे बदल केला की इथे ताजे करून घेता येते. जो मजकूर शेवटपर्यंत बदलत राहणार त्याच्यासाठी.

आत ठेवणे म्हणजे पुरी फाइल एक वस्तू म्हणून तुमच्या फाइलीच्या पोटात जाते. पानावर तिचा चौकोन दिसतो आणि त्यावर दोनदा क्लिक केले की ती तिच्या मूळ प्रोग्रॅममध्ये उघडते. एक्सेलच्या बाबतीत लोक नकळत हेच करून बसतात, आणि त्याचा धोका सातव्या पायरीत सांगितला आहे.

नवख्यांचा सगळ्यात मोठा घोळ वर्डमध्ये होतो. 'इन्सर्ट' टॅबवर उजवीकडे 'ऑब्जेक्ट' असे बटण आहे. बटणावरच क्लिक केले तर फाइल आत ठेवली जाते. त्याच्या शेजारच्या बारीकशा बाणावर क्लिक केले तर 'टेक्स्ट फ्रॉम फाइल' दिसते, म्हणजे ओतणे. बोट दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले की काम वेगळे. लेखाच्या जागी एक चौकोन आला, तो पुढच्या पानावर सरकत नाही आणि खालचा मजकूर कापला गेलाय असे दिसले, तर समजा की बाण हुकला.

२. एक फोल्डर, एक क्रम

सगळ्या फायली एका फोल्डरात आणा आणि कागदावरच्या अनुक्रमणिकेप्रमाणे नावांच्या आधी ०१, ०२, ०३ लावा. १, २, ३ लावू नका; काही ठिकाणी १ नंतर १० येतो. मूळ फायलींची एक प्रत 'मूळ' नावाच्या फोल्डरात ठेवा आणि तिला हात लावू नका. मी पहिल्या रविवारी हे केले नाही, त्यामुळे एका काकांचा लेख त्यांच्याकडून पुन्हा मागवावा लागला, आणि त्यांनी तेवढ्यात तो दुरुस्त करून दोन पानांनी वाढवला.

३. आलेल्या फायली आधी धुऊन घ्या

ही पायरी लोक गाळतात आणि मग शेवटी रडतात. एका फाइलीतली घाण काढायला पाच मिनिटे लागतात. बेचाळीस फायली एकत्र झाल्यावर तीच घाण शोधायला दिवस जातो.

पहिली गोष्ट फॉन्ट. पूर्वी डीटीपीसाठी श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असे फॉन्ट चालत. आजही अनेक जाणती माणसे त्यांतच टाइप करतात. या फॉन्टमध्ये 'क' दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असते. ओळखण्याची युक्ती सोपी आहे: सगळा मजकूर निवडा आणि फॉन्ट मंगल करा. मराठी मराठीच राहिले तर युनिकोड. रोमन अक्षरे आणि चिन्हांचा काला झाला तर जुना फॉन्ट. असा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणल्याशिवाय ओतू नका. ओतलात तर त्याचे शीर्षक अनुक्रमणिकेत विचित्र उमटेल, आणि शोधा म्हटले तर संगणकाला त्यातला एक शब्द सापडणार नाही. कन्व्हर्टरमधून बाहेर पडल्यावर रफार, जोडाक्षरे आणि 'दुसऱ्या', 'येणाऱ्या', 'वाऱ्यावर' यांसारखे शब्द डोळ्यांखालून घाला. माझ्याकडे नेमके तेच शब्द फुटले होते.

दुसरी गोष्ट, कुणीतरी तपासताना 'ट्रॅक चेंजेस' (केलेले बदल खुणांसह जपून ठेवणारी सोय) चालू ठेवलेले असते. ते तसेच ओतले तर खोडलेली वाक्येही सोबत येतात. रायटरमध्ये 'एडिट ▸ ट्रॅक चेंजेस ▸ ॲक्सेप्ट ऑल', वर्डमध्ये 'रिव्ह्यू' टॅबवर 'ॲक्सेप्ट ऑल चेंजेस'. अर्थात स्वीकारण्याआधी एकदा वाचा. समासातल्या टिपाही काढून टाका. आमच्या एका लेखाच्या समासात "हा परिच्छेद फार कंटाळवाणा आहे" असे लिहिलेले होते, आणि लेखकाने ते पाहिलेले नव्हते.

तिसरी गोष्ट, स्पेसबार. शीर्षक मधोमध आणायला तीस स्पेस, नवीन पानावर जायला पंधरा एंटर. स्पेससाठी 'फाइंड अँड रिप्लेस'मध्ये दोन स्पेस शोधून एक करा, आणि काहीच सापडत नाही असे उत्तर येईपर्यंत करत राहा. रिकाम्या ओळींसाठी रायटरमध्ये 'रेग्युलर एक्स्प्रेशन्स' चालू करून शोधायच्या चौकटीत ^$ लिहा, बदलायची चौकट रिकामी ठेवा आणि सगळे बदला. पण कवितांवर हे चालवू नका! मी चालवले. सात कवितांची कडवी एकमेकांना चिकटली आणि कवयित्रींचा फोन आला. कवितेत कडव्याच्या आत शिफ्ट-एंटर आणि दोन कडव्यांमध्ये साधा एंटर असा नियम ठेवा, आणि परिच्छेद डावीकडे लावलेला असू द्या. दोन्ही बाजू सारख्या केल्या तर छोट्या ओळीतले शब्द कधी कधी पानभर ताणले जातात.

४. मुख्य फाइल तयार करा

रिकामी फाइल उघडा. पानाचा आकार आणि समास आत्ताच ठरवा, नंतर नको. ए४ म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर. स्मरणिका बहुधा त्याच्या निम्म्या आकारात, ए५ मध्ये, छापतात. छापखान्याला आधी विचारा.

मग स्टाइल्स, म्हणजे फॉन्ट, आकार, अंतर यांचे नाव दिलेले ठरीव संच. लेखाच्या शीर्षकाला 'हेडिंग १', उपशीर्षकाला 'हेडिंग २', मजकुराला एकच मजकूर-स्टाइल: रायटरमध्ये 'बॉडी टेक्स्ट', वर्डमध्ये 'नॉर्मल'. तेवढ्यावर भागते. 'हेडिंग १' बदलून त्याच्या 'टेक्स्ट फ्लो'मध्ये आधी पान तोडण्याची खूण केली की प्रत्येक लेख आपोआप नव्या पानावर सुरू होतो. वर्डमध्ये त्यालाच 'पेज ब्रेक बिफोर' म्हणतात.

आता मराठी लिहिणाऱ्यांचा खास खड्डा. स्टाइलमध्ये फॉन्ट बदलला, आकार १४ केला, आणि मराठी मजकूर ढिम्म हलत नाही. कारण हे दोन्ही प्रोग्रॅम रोमन लिपी आणि देवनागरी यांचे फॉन्ट वेगळे ठेवतात. रायटरमध्ये 'टूल्स ▸ ऑप्शन्स'मध्ये जाऊन भाषांच्या विभागात 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करा. त्यानंतर स्टाइलच्या 'फॉन्ट' पानावर 'वेस्टर्न'सोबत 'सीटीएल' किंवा 'कॉम्प्लेक्स' असा वेगळा भाग दिसेल. मराठीचा फॉन्ट आणि आकार तिथे ठरतो. वर्डमध्ये फॉन्टच्या चौकटीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असा भाग असतो, त्याचेही तेच. हे कळेपर्यंत मी प्रत्येक लेख हाताने निवडून मोठा करत होते.

ओळींतले अंतर 'फिक्स्ड' किंवा 'एक्झॅक्टली' ठेवू नका. वेलांट्या, मात्रा आणि रफार वरून कापले जातात. 'प्रपोर्शनल' ठेवा आणि टक्के वाढवा.

५. मजकूर ओता

जिथे लेख हवा तिथे कर्सर ठेवा, आणि खाली एक रिकामी ओळ राहू द्या, म्हणजे लेखाचा शेवट पुढच्या मजकुराला चिकटणार नाही.

रायटर: 'इन्सर्ट ▸ टेक्स्ट फ्रॉम फाइल'. जुन्या आवृत्तीत त्याच जागी नुसते 'फाइल' किंवा 'डॉक्युमेंट' असते.

वर्ड: 'इन्सर्ट' टॅब, 'ऑब्जेक्ट'शेजारचा बाण, 'टेक्स्ट फ्रॉम फाइल'.

वर्डमध्ये कंट्रोल दाबून एकदम अनेक फायली निवडता येतात. मोह होतो, पण त्या कोणत्या क्रमाने उतरल्या ते तपासावेच लागते. मी म्हणेन एकेक करा. लेख आत आला की लगेच शीर्षकाला 'हेडिंग १' लावा, नजर टाका, फाइल सेव्ह करा आणि कागदावरच्या यादीत बरोबरची खूण करा.

दोन्ही फायलींत एकाच नावाची स्टाइल असेल तर तुमच्या मुख्य फाइलीतली स्टाइल जिंकते. हे आपल्या फायद्याचे आहे, म्हणूनच चौथी पायरी आधी. पण लेखकाने मजकूर निवडून हाताने फॉन्ट, रंग, आकार दिला असेल तर तो तसाच येतो. तो काढायला रायटरमध्ये मजकूर निवडून कंट्रोल + एम. वर्डमध्ये अक्षरांसाठी कंट्रोल + स्पेस आणि परिच्छेदासाठी कंट्रोल + क्यू. यात हाताने दिलेले ठळक आणि तिरपे शब्दही साधे होतात. पुस्तकांची नावे तिरपी केलेली असतील तर मूळ फाइल शेजारी उघडी ठेवून ती पुन्हा करा.

सगळे लेख आले की 'इन्सर्ट ▸ टेबल ऑफ कंटेंट्स'मधून अनुक्रमणिका घाला. वर्डमध्ये ती 'रेफरन्सेस' टॅबवर आहे. पाने हलली की तिच्यावर उजवे बटण दाबून ती ताजी करायची; ती आपोआप बदलेल म्हणून थांबू नका.

६. शेवटपर्यंत बदलणारा मजकूर दुव्याने बांधा

आमच्या अध्यक्षांचे मनोगत चार वेळा बदलले. तिसऱ्या वेळी मी शहाणी झाले आणि ते दुव्याने जोडले.

रायटरमध्ये 'इन्सर्ट ▸ सेक्शन', तिथे 'लिंक'वर खूण करून फाइल निवडायची. मनोगत बदलले की मूळ फाइल त्याच नावाने बदला आणि मुख्य फाइलीत 'टूल्स ▸ अपडेट ▸ लिंक्स' करा. फाइल उघडताना वर एक पट्टी येऊन दुवे ताजे करणे बंद असल्याचे सांगते, तिच्यावरच परवानगीचे बटण असते. वर्डमध्ये 'टेक्स्ट फ्रॉम फाइल'च्या खिडकीत 'इन्सर्ट' बटणाला छोटा बाण आहे, त्यात 'इन्सर्ट ॲज लिंक' सापडते. ताजे करायला मजकुरात क्लिक करून एफ९.

बांधलेल्या मजकुरात मुख्य फाइलीत बसून दुरुस्त्या करू नका. पुढच्या वेळी ताजे केले की त्या पुसल्या जातात. दुरुस्ती नेहमी मूळ फाइलीत.

७. हिशेबाचा तक्ता, जपून

एक्सेलची फाइल 'ऑब्जेक्ट' म्हणून आत ठेवली की पानावर दिसतो फक्त एक तक्ता, पण पोटात जाते अख्खी फाइल, तिच्या सगळ्या पानांसकट. आमच्या खजिनदारांच्या फाइलीत पहिल्या पानावर जमाखर्च होता आणि तिसऱ्यावर देणगीदारांचे मोबाइल क्रमांक. ज्याच्या हातात ती वर्डची किंवा रायटरची फाइल जाईल, तो तक्त्यावर दोनदा क्लिक करून सगळे पाहू शकतो. मी ती फाइल तपासायला चौघांना पाठवणार होते. योगायोगाने माझेच बोट तक्त्यावर दोनदा पडले म्हणून कळले.

तेव्हा छापायच्या कामात तक्ता आत ठेवूच नका. एक्सेलमधल्या हव्या तेवढ्या चौकटी निवडून कॉपी करा, आणि रायटरमध्ये कंट्रोल + शिफ्ट + व्ही दाबून 'रिच टेक्स्ट' निवडा. वर्डमध्ये 'पेस्ट स्पेशल'मधून तेच. साधा तक्ता येतो, तो पानापानांवर नीट तुटतो आणि त्याला तुमचा फॉन्ट लावता येतो. आकडे मात्र तिथेच गोठतात. हिशेब तपासनिसाची सही झाल्यावरच चिकटवा.

८. फोटो

मोबाइलचा एक फोटो सहज चार एमबीचा असतो. असे तीस घातले की फाइल १२० एमबी होते आणि जीमेलमधून जोडून जात नाही, तिथे मर्यादा २५ एमबी आहे. छपाईला इंचाला ३०० ठिपके पुरतात. म्हणजे कागदावर आठ सेंटिमीटर रुंद छापायच्या फोटोला साधारण ९४५ ठिपके रुंदी पुरे. फोटो जागेवर बसवला, आकार पक्का झाला, की रायटरमध्ये त्याच्यावर उजवे बटण दाबून 'कॉम्प्रेस', वर्डमध्ये 'पिक्चर फॉरमॅट ▸ कॉम्प्रेस पिक्चर्स'. वर्डमध्ये कापलेला भाग पुसण्याचीही खूण तिथेच असते, ती करा. नाहीतर कडेला कापून टाकलेली माणसे फाइलीत तशीच बसून राहतात.

उलट बाजूही आहे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला फोटो आक्रसून येतो. लोकांना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. कुणी फोटो फक्त वर्डच्या फाइलीत डकवून दिला असेल तर त्या फाइलीची प्रत करा, नावाच्या शेवटचे 'डॉक्स' बदलून 'झिप' करा आणि उघडा. आत 'वर्ड' फोल्डरात 'मीडिया' नावाचा फोल्डर असतो, सगळी चित्रे तिथे. रायटरच्या फाइलीत तो फोल्डर 'पिक्चर्स' नावाचा. या दोन्ही फायली मुळात झिपच असतात, हे मला कळले तेव्हा बराच वेळ गंमत वाटत होती.

फोटो इकडून तिकडे उड्या मारत असतील तर त्याचा नांगर बदला: रायटरमध्ये 'अँकर ▸ ॲज कॅरेक्टर', वर्डमध्ये 'इन लाइन विथ टेक्स्ट'. मग तो अक्षरासारखा ओळीत बसतो. 'टू पेज' तर टाळाच. वर मजकूर वाढला तरी फोटो त्याच पानावर अडून राहतो.

९. पीडीएफ

रायटरमध्ये पीडीएफ चित्र म्हणून घातली की पहिले पान तेवढे येते. वर्ड २०१३ पासून पीडीएफ उघडून तिचा मजकूर करून देते, पण मराठीत त्या मजकुराची मोडतोड इतकी होते की पुन्हा टाइप केलेले बरे. नोंदणीपत्र, जुने हस्तलिखित असे जसेच्या तसे हवे असेल तर पानांची चित्रे करून घाला. परिशिष्ट लांबलचक असेल तर मुख्य फाइलीची पीडीएफ झाल्यावर दोन पीडीएफ जोडा.

१०. छापखान्यात देण्याआधी

दुवे तोडा. पेनड्राइव्हवर फक्त मुख्य फाइल नेली तर दुव्याने जोडलेले फोटो तिकडे दिसणार नाहीत. रायटरमध्ये 'एडिट ▸ लिंक्स टू एक्स्टर्नल फाइल्स' उघडा, यादीतले सगळे निवडा, 'ब्रेक लिंक'. ही यादी रिकामी असेल तर तो पर्यायच फिका दिसतो. वर्डमध्ये जोडलेला मजकूर निवडून कंट्रोल + शिफ्ट + एफ९. हे काम प्रतीवर करा, मुख्य फाइल दुव्यांसकट जपा. अध्यक्ष पाचव्यांदा फोन करू शकतात.

छापखान्याला पीडीएफ द्या. वर्डची फाइलच हवी म्हणाले तर फॉन्ट आत घालून द्या: वर्डमध्ये 'ऑप्शन्स ▸ सेव्ह', रायटरमध्ये 'फाइल ▸ प्रॉपर्टीज ▸ फॉन्ट'. नाहीतर त्यांच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसला की ओळी सरकतात, पाने वाढतात आणि अनुक्रमणिका खोटी ठरते.

आणि पीडीएफमध्ये मध्येच कोरे पान दिसले तर घाबरू नका. रायटर विषम क्रमांकाचे पान उजवीकडे धरते. पृष्ठक्रमांक तुम्ही कुठे मध्येच १ पासून सुरू केले आणि आधीचे पानही विषम असेल, तर ते स्वतःहून एक कोरे पान घुसवते. पीडीएफ करताना आपोआप घातलेली कोरी पाने ठेवण्याची खूण चौकटीत असते; ती काढली की ती पाने वगळली जातात. पण पाठपोट छापून शिवायचे असेल तर ते पान तिथे हवेच असते, तेव्हा खूण काढण्याआधी छापखान्यातल्या माणसाला एक फोन करा.